गेमचे यंत्र बदलले. आता डाउनलोड गेमचे काय?

माल दिला, दाम घेतले, पावती फाडली की सौदा पुरा झाला, असे आपण व्यापारी मंडळी मानत आलो आहोत. आम्ही कापडाचा ताका विकला की गिऱ्हाइकाने त्याचे पडदे शिवावेत, कुर्ते शिवावेत की दुसऱ्याच दिवशी तो ताका कोणाला विकून टाकावा, यात आमचे काही चालत नाही. परंतु आजच्या बाजारात एक असा माल आला आहे, ज्याचे पूर्ण दाम घेऊनही विकणारा तो आपल्या हातातून पुरता सोडत नाही. हा माल म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घेतलेला, म्हणजेच डाउनलोड केलेला व्हिडिओ गेम.

गेम हा पोरासोरांचा विषय, त्याला व्यापाराच्या पानावर जागा कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण जरा हिशेब करून पाहावा. आपले कितीतरी तरुण मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची खरेदी-विक्री चालते. आखाती देशांत नोकरीला गेलेली कोकणातील मंडळी सुट्टीवर येताना मुलांसाठी अशी यंत्रे तिकडून आणतात. यंत्र एक दिवस बिघडते, बदलले जाते किंवा विकले जाते. मग त्यावर हजारो रुपयांचे जे गेम घेतलेले असतात त्यांचे काय, हा सवाल उभा राहतो. त्याचे उत्तर दुकानदाराला ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक तुटते, आणि गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल तर त्याचे पैसे बुडतात. म्हणून या विषयाची माहिती येथे सोप्या शब्दांत देत आहोत.

डिस्क आणि डाउनलोड

गेम खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. पूर्वी त्याचे गेम डब्यात, डिस्कवर किंवा छोट्या कार्डावर येत. डिस्क कोणत्याही त्याच जातीच्या कन्सोलमध्ये घातली की गेम चालतो. कन्सोल जळाला तर डिस्क घेऊन शेजाऱ्याकडे जाता येते. मन भरले की ती अर्ध्या किमतीत विकता येते, भाच्याला देऊन टाकता येते. थोडक्यात, डिस्क ज्याच्या कब्जात त्याचा गेम.

डाउनलोडचे तसे नाही. कंपनीचे दुकान कन्सोलच्या पडद्यावरच असते. कार्डाने पैसे भरले की गेम यंत्रात उतरतो. पडद्यावर ‘खरेदी करा’ असे बटण असते, पण त्यामागे जो लांबलचक करारनामा असतो आणि जो कोणी न वाचता ‘मान्य’ करून टाकतो, त्यात लिहिलेले असते की हा गेम आपल्याला विकलेला नाही. तो वापरण्याचा परवाना दिला आहे, आणि हा परवाना दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही.

मुंबईकर वाचकांना पागडीच्या गाळ्याचा दाखला दिला तर ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. पागडीत मोठी रक्कम मोजूनही माणूस मालक होत नाही, भाडेकरूच राहतो. तरी घरमालकाचा वाटा देऊन आणि त्याची संमती घेऊन पागडीचा गाळा दुसऱ्याच्या नावे करता येतो. डाउनलोड गेमला तेवढाही दरवाजा ठेवलेला नाही.

परवाना कशाला बांधलेला असतो?

या परवान्याला दोन गाठी असतात. त्या समजल्या की पुढचा सारा विषय समजतो.

पहिली गाठ खात्याची. गेम घेताना ईमेल देऊन कंपनीकडे जे खाते उघडलेले असते, त्या खात्यावर खरेदीची नोंद होते. दुसरी गाठ यंत्राची. मोटारीला चॅसिस नंबर असतो तसा प्रत्येक कन्सोलला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि खरेदीच्या वेळी तो क्रमांकही कंपनीच्या दफ्तरात लिहिला जातो.

ज्या यंत्राशी गाठ बांधलेली आहे त्या यंत्रावर घरातील सगळे तो गेम खेळू शकतात. इंटरनेट नसले तरी चालते. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर मात्र फक्त ज्याचे खाते आहे तोच खेळू शकतो, आणि तेही इंटरनेट जोडलेले असेल तरच. कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पाच मित्रांनी वर्गणी काढून एक गेम घ्यावा आणि पाचही घरांत तो फुकट चालावा, हे त्यांना रोखायचे असते. हेतू गैर नाही. पण या बंदोबस्ताचा मार चोरावर पडण्याऐवजी प्रामाणिक गिऱ्हाइकावर कसा पडला, याची मिसाल पुढे पाहा.

तीन लाल दिव्यांची कहाणी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘एक्सबॉक्स ३६०’ हे यंत्र अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये आणि भारतात सप्टेंबर २००६ मध्ये विक्रीस आणले. यंत्र जोरदार, पण त्यात एक ऐब निघाला. आतली उष्णता नीट बाहेर पडत नसे आणि काही महिन्यांनी यंत्र बंद पडून समोर तीन लाल दिवे लुकलुकू लागत. तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी हमीची मुदत वाढवून तीन वर्षे केली आणि त्या खर्चापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम हिशेबात बाजूला काढली.

येथपर्यंत व्यवहार चांगला झाला. पण दुरुस्तीला दिलेल्या यंत्राऐवजी पुष्कळांच्या हाती दुसरेच यंत्र आले. त्याचा क्रमांक वेगळा, त्यामुळे यंत्राची गाठ सुटलेली. वडिलांच्या खात्यावर घेतलेला गेम मुलगा आपल्या नावाने उघडू लागला तर पूर्ण गेमऐवजी नमुन्यापुरता भाग चालू होई आणि वर ‘खरेदी करा’ असा संदेश येई. इंटरनेट बंद पडले तर खुद्द खरेदीदाराचीही तीच गत. बिघाड कंपनीच्या मालाचा, यंत्र बदलून दिले कंपनीने, आणि हक्क गेला गिऱ्हाइकाचा.

जून २००८ मध्ये कंपनीने परवाने नव्या यंत्रावर हलवण्याची सोय सुरू केली; पण ती वर्षातून एकदाच वापरता येई. मधल्या काळात ज्यांची यंत्रे बदलली गेली त्यांना कंपनीच्या फोनवर ताटकळावे लागले.

निन्टेंडो आणि सोनी

जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र २००६ साली आले. त्यात यंत्राची गाठ सर्वांत घट्ट होती. डाउनलोड केलेला गेम त्याच यंत्रापुरता. ते यंत्र चोरीला गेले तर दुसरे आणून त्यावर आपले जुने गेम उतरवता येत नसत. २०१२ साली पुढचे यंत्र ‘वी यू’ आले तेव्हा जुन्यावरून नव्यावर गेम हलवण्याची सोय दिली गेली. पण त्यासाठी जुने यंत्र चालू स्थितीत हवे. मेलेल्या यंत्राच्या मालकाला त्याचा काय उपयोग?

सोनीचे धोरण आधी उदार होते. प्लेस्टेशन ३ वर घेतलेला गेम एका खात्याखाली पाच यंत्रांवर चालत असे. नोव्हेंबर २०११ पासून नव्या खरेदीसाठी ही संख्या दोनवर आणली गेली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शर्त कंपनीने ठरवली आणि कंपनीनेच बदलली. आपण ताका विकल्यावर सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ‘यापुढे याचे दोनच कुर्ते शिवायचे’ असे सांगू शकत नाही. परवान्याच्या धंद्यात पुढच्या मालाची शर्त अशी एका फर्मानाने बदलता येते.

एकदा मात्र गिऱ्हाइकांनी कंपनीला मागे फिरवले. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली ‘एक्सबॉक्स वन’ जाहीर करताना असे ठरवले होते की यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावावी, आणि डिस्कवरील गेम पुन्हा विकण्यावरही बंधने असावीत. त्यावर इतका गहजब झाला की १९ जून २०१३ रोजी कंपनीने हे दोन्ही नियम मागे घेतले. गिऱ्हाईक जागे असेल तर काय होते, ते यावरून दिसते.

आजचे नियम

आज स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे, कारण मुख्य गाठ खात्याची ठेवून यंत्राची गाठ गिऱ्हाइकाला स्वतः हलवू दिली जाते.

एक्सबॉक्समध्ये एका यंत्राला ‘होम’, म्हणजे घरचे यंत्र, ठरवता येते. हे घरचे यंत्र वर्षातून पाच वेळा बदलता येते. प्लेस्टेशन ४ मध्ये एक यंत्र ‘प्रायमरी’ असते. प्लेस्टेशन ५ मध्ये हीच गोष्ट सेटिंगमध्ये ‘कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले’ या नावाने सापडते. एका खात्यास असे एकच प्लेस्टेशन ५ ठेवता येते. निन्टेंडोने २०२५ साली ‘व्हर्च्युअल गेम कार्ड’ ही पद्धत आणली. तीत डाउनलोड गेम एका यंत्रातून काढून खात्याला जोडलेल्या दुसऱ्या यंत्रात घालता येतो आणि कुटुंबातील सदस्याला १४ दिवसांसाठी उसनाही देता येतो.

पण आता नवा पेच वेगळाच आहे. प्लेस्टेशन ५ ची ‘डिजिटल एडिशन’ आणि ‘एक्सबॉक्स सीरिज एस’ या स्वस्त यंत्रांबरोबर डिस्क घालायची जागा येत नाही. यंत्र घेताना काही हजार वाचतात, पण त्यानंतरचे गेम बहुधा परवान्याच्याच वाटेने घ्यावे लागतात. जुना गेम विकून नव्याचे थोडे पैसे उभे करण्याची वाट बंद होते. घेताना हा हिशेब कोणी सांगत नाही. दुकानदाराने सांगितला पाहिजे. निन्टेंडोच्या ‘स्विच २’ साठी ‘गेम-की कार्ड’ नावाचा एक प्रकार निघाला आहे. त्या कार्डात पूर्ण गेम नसतो, गेम डाउनलोड करण्याची किल्ली असते. कार्ड दुसऱ्याला विकता येते, पण गेम उतरवायचे ऑनलाइन दुकान उघडे असेपर्यंतच त्याची किंमत.

दुकानच बंद झाले तर?

ऑनलाइन दुकाने बंद होतात का? होतात. ‘वी’ चे दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले. निन्टेंडोच्या ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ या यंत्रांसाठीची विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. मात्र आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची मुभा कंपनीने ठेवली. सोनीनेही २०२१ साली प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले होते, पण लोकांच्या नाराजीमुळे एप्रिल २०२१ मध्ये तो बेत रद्द केला.

कधी दुकान उघडे असते, पण त्यातून एखादा गेमच उचलला जातो. कोनामी कंपनीचा ‘पी. टी.’ हा भयकथेचा छोटा गेम ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी मोफत आला आणि २०१५ मध्ये काढून घेतला गेला. ज्यांच्या यंत्रात तो आधीच होता त्यांच्याकडे राहिला, पण यंत्र बदलले की पुन्हा उतरवता येईना. परिणाम असा की ज्या जुन्या प्लेस्टेशन ४ मध्ये हा गेम शिल्लक आहे, त्यांची जादा दामाने विक्री होऊ लागली. फुकटच्या मालाने यंत्राचा भाव वाढवला.

कायदा काय म्हणतो?

या झगड्याची मुळे जुनी आहेत. अमेरिकेत एका प्रकाशकाने ‘द कास्टअवे’ या कादंबरीवर छापले होते की एक डॉलरपेक्षा कमी किमतीस ती विकण्याची कोणाला इजाजत नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीचे दाम ठरवण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाला राहत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. जुन्या पुस्तकांचा आणि जुन्या डिस्कचा बाजार या तत्त्वावर उभा आहे. डाउनलोडमध्ये ‘विक्री’ हा शब्दच करारातून काढून टाकल्यामुळे हे तत्त्व तेथे पोहोचत नाही.

युरोपच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ओरॅकल कंपनीच्या खटल्यात वेगळी वाट दाखवली. कायमच्या वापरासाठी पूर्ण दाम घेऊन दिलेले सॉफ्टवेअर डाउनलोड असले तरी ते पुढे विकता येते, असे ठरले. पण गेमच्या बाबतीत ही वाट फार पुढे गेली नाही. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने व्हॉल्व्ह या कंपनीविरुद्ध २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयात निकाल मिळवला होता, तो २०२२ साली अपिलात फिरला.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एक सरळ कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे जो विक्रेता डिजिटल मालावर ‘खरेदी करा’ असे लिहितो, त्याने हा केवळ परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. परवाना देण्यास बंदी नाही. बंदी आहे ती परवान्याला विक्री म्हणण्यास.

आपल्याकडे गंमत पाहा. २००४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात डिस्कसारख्या वस्तूवर घालून विकलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो, असा निर्णय दिला. कर वसूल करताना तो माल ठरतो, आणि गिऱ्हाइकाने मालकी मागितली की कंपनी परवान्याकडे बोट दाखवते!

आपल्या बाजारातील एक चुकीची रीत

येथे आमच्या दुकानदार बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही ठिकाणी एकाच खात्यावर गेम घेऊन तो दोघा-तिघा गिऱ्हाइकांना स्वस्तात विकला जातो. एकाला ‘प्रायमरी’, दुसऱ्याला ‘सेकंडरी’. गिऱ्हाईक खुश होते, कारण चार हजारांचा गेम दीड हजारात मिळाला. पण खाते दुकानदाराचे. गिऱ्हाइकाचे यंत्र बिघडून बदलले गेले की नव्या यंत्रावर गाठ बांधण्याची चावी त्याच्याकडे नसते. दुकानदाराने पासवर्ड बदलला, दुकान उठले किंवा कंपनीने ते खाते बंद केले, तर गेम गेला आणि पावतीवर दाद मागायला काही उरले नाही. शिवाय असा व्यवहार कंपनीच्या कराराविरुद्ध असतो.

तीच गोष्ट ‘वीस गेम भरलेले’ जुने यंत्र विकण्याची. पहिल्या मालकाने आपल्या नव्या यंत्राला घरचे यंत्र ठरवले की त्या वीस गेमांना कुलूप लागते. मालाचा ऐब सांगून माल विकावा, हा आपल्या बाजाराचा जुना दंडक आहे. तो कापडाला लागू आहे तसा कन्सोललाही लागू आहे.

यंत्र बदलताना काय करावे?

एक: गेमचे खाते स्वतःच्या किंवा घरातील जबाबदार माणसाच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर असावे. दुकानदाराने किंवा मित्राने उघडून दिलेल्या खात्यावर पैसे भरू नयेत. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा.

दोन: जुने यंत्र विकण्यापूर्वी किंवा बदली देण्यापूर्वी त्यावरील ‘होम’, ‘प्रायमरी’ किंवा ‘शेअरिंग’ची खूण स्वतः बंद करावी, खाते काढावे आणि मगच यंत्र कोरे करावे. आधी कोरे केले तर गाठ दफ्तरात तशीच राहू शकते.

तीन: यंत्र दुरुस्तीला देताना त्याचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्यावा. परत आलेल्या यंत्राचा नंबर वेगळा असेल तर त्याच दिवशी नव्या यंत्रावर परवान्याची गाठ बांधावी आणि इंटरनेट बंद करून, घरातील दुसऱ्या खात्यावरून गेम उघडतो का ते तपासावे.

चार: यंत्र चालूच होत नसेल किंवा चोरीला गेले असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून जुन्या यंत्राची गाठ सोडता येते का ते पाहावे. सोनीमध्ये सर्व यंत्रे एकदम सोडवण्याची सोय सहा महिन्यांतून एकदा मिळते, म्हणून ती उगाच वापरून टाकू नये.

पाच: जुने यंत्र विकणाऱ्या दुकानदाराने पावतीवर ‘फक्त यंत्र, डाउनलोड गेमचा हक्क यात नाही’ असे लिहावे. एका ओळीने पुढचे भांडण टळते.

सहा: जो गेम खेळून विकायचा आहे तो मिळत असेल तर डिस्कवर घ्यावा. फसवणूक झाली असे वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

हा प्रश्न गेमपुरता नाही

ज्यांच्या घरी कन्सोल नाही त्यांनीही ही दोन गाठींची गोष्ट विसरू नये. दुकानात हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्यांना ठाऊक असेल की संगणक बदलण्यापूर्वी त्याचा परवाना ‘सरेंडर’ करावा लागतो. नव्या संगणकाबरोबर आलेली विंडोज बहुधा त्याच संगणकाला बांधलेली असते. भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइन काढणाऱ्या कारागिरांच्या काही सॉफ्टवेअरला डोंगल लागते. ते हरवले की काम ठप्प. यंत्र आपले, वीज आपली, मेहनत आपली, आणि चावी मात्र दुसऱ्याच्या खिशात, असा हा नवा धंदा आहे.

तो आपण थांबवू शकणार नाही. परंतु पैसे मोजण्यापूर्वी ‘हा माल आहे की परवाना, आणि यंत्र बदलले तर काय?’ हे दोन सवाल विचारणे आपल्या हाती आहे. गिऱ्हाइकाने ते विचारावेत, आणि दुकानदाराने विचारण्याआधीच त्यांची उत्तरे द्यावीत.